पहिल्या टाकीच्या ओळी

सकाळी शेतात पाऊल टाकलं तर मूग वाकडा. कोवळे शेंडे जमिनीकडे वळलेले, पानं वाटीसारखी आत मिटलेली. जे मारण्यासाठी एवढा खटाटोप केला ते गवत मात्र ओळींच्या मधोमध ऐटीत उभं होतं. त्याला मरायला अजून आठवडाभर तरी लागणार होता.

ती बांधावर उभी होती. खुरपं या हातातून त्या हातात जात होतं, त्या हातातून या हातात येत होतं. नवरा ओळीत उकिडवा बसून एकेक झाड बोटांनी सरळ करून बघत होता. सोडलं की झाड पुन्हा वाकायचं. तो काहीच बोलत नव्हता, आणि तिला त्याच्या बोलण्यापेक्षा न बोलण्याचीच धास्ती जास्त.

काय झालं ते तिला पाहताक्षणी कळलं होतं. फवारणीचा पंप परवा जावेने मागून नेला होता आणि काल दुपारी दीर तो परत करायला आला होता. शेजारच्याच शेतात त्याचा मका. मक्यातलं रुंद पानांचं तण मारायचं औषध त्याने त्या पंपातून मारलं होतं. मुगाचं पानही रुंदच. तण कोणतं आणि मूग कोणता, हे त्या औषधाला कुठून कळणार? दीर दारातच म्हणाला होता, "वहिनी, सोडा घालून तीनदा धुवा. आत वास राहिलाय."

तिने एकदा पाणी भरलं, हलवलं, ओतून दिलं. सोडा आणायला आत गेली आणि बाहेर येते तो नवरा शेतातून परतलेला. दोघे भाऊ अंगणात उभे राहून बोलत होते. तीन वर्षांत पहिल्यांदा. कशावरून बिनसलं होतं ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं, पण अबोला मात्र त्यांनी इमानेइतबारे पाळला होता. ती उंबऱ्यातच थबकली. आपण मध्ये तोंड घातलं आणि हे बोलणं तुटलं तर? बोलता बोलता नवऱ्याने पंप उचलला, वारा पडलाय तोवर मुगातलं गवत मारून घेतो म्हणाला, आणि गेला. सोडा तिच्या मुठीतच राहिला. मागून हाक मारता आली असती. एकदा धुतलाय, चालून जाईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. रात्रभर मात्र या कुशीवरून त्या कुशीवर चाललं होतं.

नवरा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"पलीकडचा मूग सरळ आहे," तो म्हणाला. "या बांधाकडच्या ओळीच तेवढ्या गेल्या. पहिल्या टाकीच्या, पंप दुसऱ्यांदा भरायच्या आधीच्या." तो मक्याकडे बघत होता. "कसला पंप आणून दिला त्याने मला?"

"अहो, पंप मी..."

तेवढ्यात दीर मक्यातून बाहेर आला. मूग दिसला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने तिच्याकडे बघून हळूच विचारलं, पंप धुतला होता ना?

तिने तोंड उघडायच्या आत नवराच बोलला. "तिला काय विचारतोस? चहाची गाळणीसुद्धा दोनदा धुते ती. तिच्या हातून पंप तसाच राहील?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने दुसऱ्यासमोर तिचं कधी कौतुक म्हणून केलं नव्हतं. केलं तेही नेमकं आज. दीर क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, मग मान खाली घालून म्हणाला, धुवायला सांगायचं माझ्याकडूनच राहिलं असेल, दादा.

नवऱ्याने पाठ फिरवली. ही पाठ तिने तीन वर्षं पाहिली होती. आता आणखी किती, ते कोणी सांगावं?

"भावजींनी सांगितलं होतं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "तीनदा धुवा म्हणाले होते. मी एकदाच धुतला. चूक माझी आहे."

नवरा वळून तिच्याकडे बघत राहिला. खुरपं हातात गच्च धरून ती उभी होती. ओरडला तर ओरडू दे, म्हणत होती मनाशी. पण तो ओरडला नाही. त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या.

"बघितलंस?" तो भावाला म्हणाला. "कधी खोटं न बोललेली बाई. आज तुझ्यासाठी बोलली."

"अहो, खोटं नाही हो..."

"पुरे." त्याने हात वर करून तिला थांबवलं. "ती आपल्यासाठी एवढं करते, आणि मी चार ओळींसाठी भांडत बसू?"

राहिलेला मका फवारून घे म्हणत त्याने कालपासून बांधावरच ठेवलेला पंप भावाकडे सरकवला, तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि पलीकडच्या सरळ ओळींकडे चालू लागला. तिचे हात मोकळे झाले, त्यांचं काय करावं ते तिला कळेना.

दिराने पंप पाठीला लावला. तिच्याजवळून जाताना थांबला. दादा लांब गेला होता, तरी तो खालच्या आवाजातच बोलला.

"वहिनी, आता परत खरं सांगू नका."