मथुरामायचा बैल

बैल मरून तीन दिवस झाले होते आणि तो अजून मथुराबाईच्या अंगणातच पडून होता. ढाणकीच्या बाजारातून घेतलेल्या जोडीतला एक. त्याला पान लागलं, साप डसला, आणि तो जागीच आडवा झाला. आता पोट फुगून ढोल झालं होतं, माशांचा नुसता घोंगाट. आत खोलीत तिची लेक चंदा आठ दिवसांची बाळंतीण. बैलावरून उठलेल्या माशा थेट बाळाच्या तोंडावर येऊन बसत होत्या.

गावात चाळीस तरी धडधाकट गडी होते. एकानंही हात लावला नाही. मेलेलं ढोर ओढायचं काम महारवाड्याचं, आणि महारवाडा दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं होतं, ढोर ओढणार नाही, दारोदार भाकर मागणार नाही. बळीराम पाटलानंही मग गावाला बजावलं, "कोणी हात लावू नका. बाईचं रडणं ऐकलं का येतीन महारवाड्यातले बराबर." माणूस भारी हुशार. गळाला विधवा लावून निवांत पान चघळत बसला होता.

तिसऱ्या दिवशी मथुराबाई वस्तीत आली आणि उकंड्याच्या दारात मटकन बसली.

"उकंडा, तुले काम सांगाले नाई आली मी. पण लेकरू जाईन रे बापा!"

उकंडा वस्तीतला कारभारी माणूस. ढोर ओढायचा दोर सगळ्यांत आधी त्यानंच छपराच्या आड्याला कायमचा टांगला होता. त्यानं वर हात घालून तो दोर काढला. धाकटा भाऊ गोविंदा दारात आडवा झाला.

"दादा, आज गेला त दोन वर्षं पाण्यात गेली समज."

"बाळंतिणीच्या घरी ढोर सडून राह्यलं, गोविंदा. मंग दया-करुणा कायले घेतली आपण? आड्याले टांगाले?"

"तुह्याजवळ करुणा हाये. गावाजवळ काय हाये?"

"आपण माणसावानी वागलो त एक दिवस गावबी वागन," उकंडा म्हणाला. हे तो मनापासून म्हणाला. त्याचा तसा विश्वासच होता.

अंगणात पोचल्यावर आधी त्यानं कुंपणापलीकडच्या बघ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी कामाले नाई आलो. शेजारी म्हणून आलो. भाकर नको, कातडं नको." मग बैलाच्या पायांना दोर बांधला आणि दुसरं टोक राहिलेल्या बैलाच्या जुवाला. तो बिचारा आपल्याच जोडीदाराला ओढायला बिचकत होता. फाटकाशी धूड अडकलं. उकंड्यानं दोराला हिसके देऊन पाहिले, हलेना. बघे धोतराचा सोगा नाकाला लावून उभे.

तेवढ्यात मथुराबाईनं पदर खोचला, पुढे आली आणि उकंड्याच्या हाताशेजारी दोर धरला.

बघ्यांच्या नाकावरचे सोगे खाली आले. कुणब्याची बाई, महाराच्या हाताला हात लावून मेलेलं ढोर ओढते! आता बोला! "ओढ बापा," ती म्हणाली आणि धूड निघालं. नाल्यापलीकडच्या खड्ड्यापर्यंत दोघं मिळून ओढत गेली. घरी आला तेव्हा उकंड्याच्या तळहातांना फोड आले होते आणि तो लहान मुलासारखा रडत होता, आनंदानं. "पाह्यलं, गोविंदा? एका दोराले दोघायचे हात लागले." त्या दिवशी गोविंदालाही त्याचं खरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी गावानं मथुराबाईला वाळीत टाकलं. विहिरीवर पाणी नाही, चक्कीवर दळण नाही. चंदाच्या सासरी निरोप गेला की बाटलेल्या घरची सून परत नेऊ नका. मथुराबाई पाटलाच्या ओसरीखाली दिवसभर बसली. मग पाटलानं मोठ्या मनानं तोड काढली. "उकंड्या शेजारी म्हणून आला असंन त तू बाटली. कामाले आला असंन त कायचं बाटणं? त्याची भाकर चौघांच्या देखत त्याच्या पदरात टाक. मिटलं."

बैल ओढल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी ती टोपलं घेऊन वस्तीत आली आणि दारापासून पाच हात लांब थांबली. टोपल्यात चार शिळ्या भाकरी. मागे लिंबाखाली पाटील आणि अर्धं गाव.

"घे रे उकंड्या, तुह्या कामाची भाकर," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली. मग दोन पावलं पुढे येऊन हळूच म्हणाली, "नाई घेतली त माह्या चंदाले कोणी नांदवत नाई. पाया पडते तुह्या."

"दादा, घेऊ नको!" गोविंदा किंचाळला.

उकंड्याची नजर टोपलं धरलेल्या तिच्या हातांवर गेली. त्याच्या तळहातांवर होते तसेच फोड तिच्याही तळहातांवर होते. त्याला तिची दया आली, आणि आपल्याला दया येते याचीच पहिल्यांदा भीती वाटली.

मग त्यानं खांद्यावरचा शेला काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे पसरला. मथुराबाईनं भाकरी वरूनच टाकल्या, हात लागू न देता. टोपलं छातीशी धरून ती मागे न बघता निघून गेली. गोविंदा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

लिंबाखालची माणसं पांगायला लागली. पाटील तेवढा थांबला आणि तिथूनच, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं, मायेनं म्हणाला, "उकंड्या, दोर आता आड्याले टांगू नको. आमची म्हातारी गाय दोन दिवसाची सोबतीण हाये."