तारखेची जागा

"हात रागानं थरथरत असला की छिन्नी खाली ठेव, पोरी. भांड्यावर उठलेला ठिपका परत बुजत न्हाई." वडलांचं हे सांगणं मी रोजच्या लिंगपूजेसारखं पाळत आले.

आज शिवानंदअण्णा स्टीलच्या डब्यांचं पोतं घेऊन दुकानात आले. "अक्का, सगळ्यांवर नाव घाला. 'कै. नीलव्वा यांच्या स्मरणार्थ.'"

"कधी गेल्या ओ तुमच्या आई?"

"गेली न्हाई अजून. कुंभारी गावातल्या खोलीवर पडून हाय. पण नंतर डबे वाटायच्या वक्ताला लई घाई होती की. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडा."

डोक्यात जाळ झाला. तरी आवाज न चढवता विचारलं, "किती सोडू, अण्णा? आईला विचारून आलात का?"

थट्टा समजून ते हसत निघून गेले.

हीच नीलव्वा श्रावणात याच पायरीवर बसून म्हणाली होती, "घरातल्या भांड्यांवर आधी सासऱ्याचं नाव, मग नवऱ्याचं, आता पोराचं. एक तांब्या माझ्या नावाचा करशील का गं?" मी हो म्हटलं होतं.

छिन्नी खाली ठेवली. हात थांबेपर्यंत 'ॐ नमः शिवाय' म्हणत राहिले. मग नवा तांब्या मांडीवर घेतला आणि एकेक ठिपका ठोकत नाव घातलं: नीलव्वा. आधी 'कै.' नाही, पुढं मोकळी जागा नाही.



पोत्याची गाठ न सोडताच शटर ओढलं, तांब्या पदराखाली घेतला आणि कुंभारीच्या रिक्षात जाऊन बसले.