दोन्ही डिस्कवर सारखंच

मेंदूच्या झटक्यानंतर सिंधूताईंच्या आठवणी दवाखान्यातल्या दोन जुळ्या डिस्कवर, दोन्हींवर तेच, अशा ठेवल्या होत्या. त्यातली एक पुन्हा बंद पडली, म्हणून यशवंतराव पत्नीला घेऊन आले. नवी डिस्क भरताना चालू असलेल्या डिस्कवरचं सगळं वाचलं जाई, आणि सिंधूताई ते सगळं झोपेत पुन्हा जगत. तेव्हा त्यांच्या कानावर जे पडे, तेही आठवणीत मिसळून दोन्ही डिस्कवर उतरे.

“आमच्या लेकीचं, नीलूचं आजारपण तेवढं वगळा ना,” यशवंतराव थकून म्हणाले. “दर वेळी हिचं रडणं बघवत नाही.”

“तेवढंच नाही वगळता येत, काका,” तंत्रज्ञ मृण्मयी म्हणाली. “पुसायचं म्हटलं तर नीलूच पुसली जाईल, दोन्ही डिस्कवरून.”

यशवंतरावांनी पत्नीच्या पलंगाजवळ खुर्ची ओढली. मग म्हणाले, “करा सुरू.”

दुपारपर्यंत सिंधूताई मधूनमधून हसत होत्या. मग एकदम कळवळल्या. “नीलूचं अंग भाजतंय हो! कुणीतरी या ना!”

मागच्या खेपेला यशवंतरावांनी त्यांना समजावलं होतं, की नीलूला जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यावर त्या आणखीच आक्रोश करू लागल्या होत्या. आज समजावण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी नुसता तिचा हात धरला. “मी आलोय, सिंधू.”

संध्याकाळी मृण्मयीने दोन्ही डिस्क जुळल्याचं सांगितलं. सिंधूताईंनी डोळे उघडले.

“नीलू गेली तेव्हा तुम्ही जवळ होतात,” त्या शांतपणे म्हणाल्या, “म्हणून निभावलं मी.”

तेव्हा यशवंतराव नोकरीपायी आसामात होते. घरी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

“हो,” ते म्हणाले, आणि तिच्या अंगावरची चादर त्यांनी नीट केली.