पाचवी सहल

"अगं, पीठ करायचंय, नुसता चुरा नाही," आई म्हणाली आणि धाकटीच्या हातून बत्ता काढून घेतला. अंड्यांची टरफलं तिने पंधरा दिवस धुऊन-वाळवून साठवली होती. त्यात चमचाभर मैदा, थोडं गरम पाणी, आणि तो लगदा कागदाच्या नळीत दाबून खिडकीत वाळवला की झाले खडू. पाच वर्षांच्या पोरीला सुट्टीभर पुरेल असा उद्योग.

नऊ वर्षांच्या मधल्याला नकाशा दिला होता. घरापासूनची एकेक गल्ली पावलांनी मोजायची आणि मोठ्या कागदावर काढायची. तेरा वर्षांची थोरली जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवत होती, खांद्याला अडकवायच्या, प्रत्येकाला एक.

"सहलीला लागतील," आई म्हणाली होती.

"पायी सहल?" थोरलीने नाक मुरडलं. "बाबा कंडक्टर आणि आपण पायी! लोक हसतील."

आईने पिशवीचा बंद ओढून पाहिला. गावातली एकही बस अशी नव्हती, जिच्यावर नवऱ्याचा दोस्त नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती तिघांना घेऊन बसने भावाकडे निघाली होती. चौथ्या थांब्यावर तो हसत हसत आत चढला. घरी गेल्यावर दार लावून त्याने तिची करंगळी मोडली. ती अजून वाकत नाही. "पुढच्या वेळी मान," तो म्हणाला होता. अगदी हळू आवाजात, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

म्हणून या सुट्टीत पायी सहली. प्रत्येक सहल आधीच्यापेक्षा थोडी लांबची.

पहिली कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत. दुसरी कालव्यातल्या बदकांपर्यंत. तिसरी पूल ओलांडून पलीकडे. तिथे धाकटी कुणाच्या तरी मांजरीपाशी रेंगाळली आणि वळण चुकली. सापडली तेव्हा रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"मला टाकून गेलात!"

आईने तिला कडेवर घेतलं आणि तिथल्या तिथे नियम करून टाकला. वळण आलं की भिंतीवर खडूने बाण काढायचा. मागे राहिलेल्याला टाकून जायचं नाही. बाण काढायचा मान धाकटीचा. पोरगी हसली, विषय मिटला.

चौथी सहल गिरणीमागच्या गल्लीत, मावशींच्या शिलाईच्या दुकानापर्यंत. लग्नाआधी आई त्यांच्याकडे काजं-बटणं करायला जायची. ही ओळख त्याला ठाऊक नव्हती. पोरं खाली चिंध्यांत खेळत होती तेवढ्यात मावशींनी तिला माडीवरची खोली दाखवली.

"माझं मशीन दिवेलागणीपर्यंत चालू असतं," त्या म्हणाल्या. "ते मध्येच थांबलं तर समज, दारात कुणीतरी आलंय. कडी काढायची नाही."

"मावशी, तुमच्या जिवाला उगाच घोर..."

"गप बस. मोठी आली घोरवाली."

त्या संध्याकाळी तो कामावरून आला. पोरांशी तो नेहमीच गोड.

"काय मग, आज कुठे कुठे भटकलात?"

मधला सुटलाच. बदकं, पूल, गिरणीचं धुराडं. आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. गल्लीचं नाव ओठावर यायच्या आत थोरली कडाडली, "पुरे रे, डोकं खाल्लंस!"

तो हसला. त्याने धाकटीला मांडीवर घेतलं आणि तिची पांढरी झालेली बोटं रुमालाने एकेक करून पुसली. "मलाही न्या की कधीतरी."

"तुम्हाला सुट्टीच नसते, बाबा," धाकटी हिरमुसून म्हणाली.

थोरली आईकडे टक लावून बघत होती. आईला धास्ती तिचीच होती. बाबांची लाडकी लेक ती. त्यातून कपाटातली भरलेली पिशवी तिने परवाच पाहिली होती. पाहिली, आणि कपाटाचं दार लावून घेतलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आईने नकाशा गॅसवर धरला. मधला रडून लाल झाला. "माझी सगळी पावलं जाळलीस!"

"नवा करू, राजा. याच्याहून मोठा."

घरात आता मागे कसली खूण उरली नव्हती. तिने दोनदा तपासलं.

पाचवी सहल दुपारी बाराला निघाली. तो चारला सुटायचा. ऊन मी म्हणत होतं, रस्ते ओस. आई झपाझप चालत होती, पण नेमका वळणावळणावर धाकटीच्या चपलेचा पट्टा सुटायचा आणि ती फतकल मारून बसायची.

"तुझ्या चपलेला आजच मुहूर्त सापडला का गं?" आई खेकसली. मग स्वतःचंच वाईट वाटून तिने वाकून तिचा मुका घेतला.

पुलावर थोरली थांबली. तिचा हात पिशवीत गेला.

थोरलीने घराची किल्ली बाहेर काढली आणि कालव्यात टाकून दिली.

"तेव्हा मला सगळं ऐकू आलं होतं, आई," ती म्हणाली. "मानेचंसुद्धा. चल."

उरलेला रस्ता आईने तिचा हात सोडला नाही.

माडीवरच्या खोलीला भक्कम कडी होती. खाली मशीन खडखडत होतं. मावशींनी दिलेलं दूध-पाव खाऊन मधला चटईवर लवंडला. थोरली आईच्या खांद्याला टेकून बसली. चार वाजले. साडेचार झाले. पाच वाजले तशी आई हसली, का ते तिलाही कळलं नाही. कितीतरी दिवसांनी हसली.

"चला, हात धुऊ या," ती धाकटीला मोरीपाशी घेऊन गेली. "बघ, कोपरापर्यंत पांढरी झालीस. खडू कुठाय?"

"संपला."

"अख्खा?"

"मग! आपल्या दारापासून काढत आलेय." धाकटीने ओले हात फ्रॉकला पुसले. "एक पण वळण सोडलं नाही. बाबा मागे राहिलेत ना."

खाली मशीन थांबलं.