गुरुदासची चूक

गुरुदास परीक्षा देऊन बाहेर आला तेव्हा त्याची बायको शेवंता फाटकाजवळ काजूच्या सावलीत उभी होती. पत्र्याच्या कडेनं त्याचं बोट कापलं होतं. तिनं पिशवीतलं फडकं फाडून बोटाला गुंडाळलं.

"कसा झाला?"

"माका बरा वाटला," तो म्हणाला. "दर वर्सा वाटता."

पत्राकामाच्या ट्रेड टेस्टला तो चौथ्यांदा बसला होता. गोवा राज्य झालं त्या वर्षी पहिल्यांदा बसला, तेव्हा पास झाल्यासारखे त्यानं पेढे सांगून ठेवले होते. आता पेडण्याच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला.

डिचोलीच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षांत त्यानं सगळं केलं होतं. पाण्याच्या टाक्या, हॉटेलांची धुराडी, धान्याची पिंपं. पण हातात कागद नव्हता, आणि म्हापशाचा एजंट कागदाशिवाय माणूस मस्कतला पाठवत नव्हता.

शेवंताचा भाऊ महादेव हीच परीक्षा पहिल्या फटक्यात पास होऊन मस्कतला गेला होता. अकरा महिन्यांनी तो पेटीतून परत आला. पेटीला आतून जस्ताचा पत्रा होता, चारी बाजूंनी झाळून बंद केलेला. उघडू नये, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. तेव्हापासून तिच्या आईवडिलांचंही गुरुदासच बघत होता. वर्कशॉपच्या पगारात दोन घरं भागत नव्हती. महादेव ज्या कंपनीत होता, तिथंच जायचं त्यानं ठरवलं होतं.

"आणि हयंच रवलास तर?" शेवंतानं एकदा विचारलं होतं.

"हयं काय आसा?" तो म्हणाला होता, आणि विषय संपला होता.

मग तीच त्याला थिअरी वाचून दाखवू लागली. ती आठवीपर्यंत शिकलेली, तो चौथीपर्यंत. संध्याकाळी ओसरीवर ती पुठ्ठ्यावर वर्तुळं आखून देई, तो कापून नरसाळ्याचे, धुराड्याच्या कोपरांचे नमुने जुळवी. एकही नमुना फसत नसे. निकाल मात्र दर वर्षी तोच. थिअरीत पास, प्रात्यक्षिकात नापास.

तिसऱ्या निकालानंतर त्याचं काहीतरी मोडलं. पत्र्यावर रेघ मारली की तो विठूला हाक मारू लागला. विठू त्याच्याच हाताखाली शिकलेला. "बघ रे, बरोबर आसा मां?" विठू बघायचा, बरोबरच असायचं. तरी गुरुदास पुन्हा मोजायचा, आणि कातर हातात घेऊन नुसता उभा राहायचा. मालकानं शेवटी त्याला कापायच्या कामावरून काढलं आणि रिबिटं मारायला बसवलं. गुरुदासनं तक्रार केली नाही. शेवंताला हे विठूकडून कळलं.

परीक्षेनंतर आठ दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "मी कृष्णनाथ सरांका भेटून येतंय. साखळेक."

कृष्णनाथ सर परीक्षक होते. ते तिच्या माहेरच्या गावचे. महादेवला त्यांनीच शिकवलं होतं आणि त्यांनीच पास केलं होतं.

गुरुदासचा घास हातातच राहिला. "भीक मागूक?"

"भीक कसली? घरचो माणूस तो."

त्यानं घास ताटात परत ठेवला. मग ताटाकडे बघत म्हणाला, "जा. पण पास करा असा म्हणा नको. माझा चुकता खंय, तेवढाच इचार. पंधरा वर्सां पत्रो कापतंय. एवढा कळला तरी पुरे."

दुसऱ्या दिवशी तिनं बस धरली. सर घरी एकटेच होते. टेबलावर उमेदवारांची यादी होती. गुरुदासच्या नावापुढचा रकाना अजून कोरा होता.

"बस गो," सर म्हणाले. "कित्याक इलंस, ता कळला माका."

"तेणी इचारूक सांगल्यानी," शेवंता म्हणाली. "पास करा म्हणणत नाय. चुकता खंय, तेवढाच इचारतत."

सर उठले. कोपऱ्यातल्या ढिगातून त्यांनी एक नरसाळं काढलं. दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर गुरुदासचा नंबर होता. त्यांनी ते तिच्या हातात दिलं.

"खिडकीकडे धर. जोडातसून उजेड दिसता?"

तिनं एक डोळा मिटून पाहिलं. सांध्यावरून बोट फिरवलं. कड दुमडून आत भरलेली तार कुठं सुरू होते आणि कुठं संपते, ते हाताला कळत नव्हतं.

"नाय दिसणा."

"सव्वीस वर्सां शिकवतंय मी," सर म्हणाले. "असला काम माझ्या हातानय झाला नाय. आणि तो माणूस आता परीक्षेक इलो की एकेक रेघ चार चार वेळा मोजता. बघवत नाय गो."

शेवंतानं नरसाळं टेबलावर अलगद ठेवलं. पदरानं तोंड पुसलं. बाहेर बसचा हॉर्न वाजला, तरी ती उठली नाही.

"मागच्या तीन वर्सांसारखा माझ्या सांगण्यान यंदाय नापासच लिवा, सर," ती म्हणाली. "फक्त एक चूक सांगा. घराक जावन तेंका सांगाक व्हयी."