फॅमिली गाडी

शोरूममध्ये शिरल्यापासून नवरा नुसतं मायलेज आणि डिकीचं विचारत होता, तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हौशी शर्यतीत गाडी उलटून मांडीचं हाड मोडलं आणि आत सळई बसवावी लागली, तेव्हा “पुन्हा ट्रॅककडे फिरकणार नाही” असा शब्द यानेच दिलेला. “फॅमिली गाडी हवी,” तो सेल्समनला म्हणाला, “आईला दवाखान्यात न्यायला.” सासूबाईंना साधी सर्दीही होत नाही. तो शोरूममधल्या एका गाडीत स्टिअरिंगमागे बसला, मी गुपचूप शेजारच्या सीटवर बसले. इंजिन बंदच होतं, तरी तो गरीब चेहऱ्याने स्टिअरिंग कुरवाळत होता. मी खाली पाहिलं. डावा पाय क्लच दाबत होता. उजव्याचा चवडा ब्रेकवर आणि टाच अ‍ॅक्सिलरेटरवर नाचत होती. वळणाआधी ब्रेक दाबतानाच इंजिनाचा जोर न पडू देता गिअर उतरवायची ही शर्यतीतली खोड. “कशी वाटली?” त्याने विचारलं. “छान.” मी सेल्समनकडे वळले. “हीच ऑटोमॅटिकमध्ये दाखवा, क्लच नसलेली.” त्याचे पाय थांबले.