गणपतीची जास्वंद

आमचा मुकुल बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. बागेतली जास्वंद चोरते म्हणून कामवाल्या कृष्णाबाईला गेटबंदी करायला निघाला.

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय, आई? फुलं घेऊन लिफ्टमध्ये शिरताना कॅमेऱ्यात दिसलीय."

"आणि उतरली कुठल्या मजल्यावर?"

"ते कशाला बघू? चोरी ती चोरी. नियम सगळ्यांना सारखा."

"सरी, बरं तर. कमिटीपुढं अस्संच बोल हो, साहेब. पण आधी पूजा उरक."

तबकातली लालभडक जास्वंद त्यानं गणपतीपुढं धरली आणि हात तिथंच थांबला.

"वाहा की," मी म्हटलं. "मग लिही गेटबंदी. फुलं आणणारी कृष्णाबाई, तिला आणायला सांगणारी मी, आणि रोज डोळे मिटून वाहणारा तू."